जुन्या मस्टँगचं कार्पेट पुन्हा पुन्हा ओलं होतंय? इंटिरिअर करण्याआधी पाणी शोधा

१९६५ किंवा १९६६ ची फोर्ड मस्टँग घरी नवी करायला घेतली की बहुतेकांचा पहिला खर्च इंटिरिअरवर होतो. नवं कार्पेट, सीटची नवी कव्हरं, दरवाजांचे नवे पॅनल. गाडी आतून झकास दिसायला लागते. मग एक चांगला पाऊस होतो आणि दोन दिवसांनी दार उघडलं की कुबट वास नाकात जातो. कार्पेटखाली हात घातला तर तागाचा नमदा पिळता येईल इतका ओला. हा एकच बिघाड मी इतक्या गाड्यांत काढला आहे की कोणी "इंटिरिअर करायचंय" म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी कुठून येतंय ते पाहिलंत का?

मी न्यू जर्सीत राहतो. एडिसनमध्ये रूट १ वर फोर्डचा जो कारखाना होता, नावाने मेटचन पण जागेने एडिसनचा, तिथे पहिल्या पिढीच्या हजारो मस्टँग तयार झाल्या. २००४ मध्ये तो बंद झाला. आज त्याच एडिसनमध्ये मराठी घरं भरपूर आहेत आणि त्यातल्या काही गॅरेजांत या गाड्या परत आल्या आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. गाडीच्या चेसिस नंबरातलं (नंबर प्लेटवरच्या नव्हे) दुसरं अक्षर टी असेल तर ती इथली, एफ असेल तर डिअरबॉर्नची, आर असेल तर सॅन होजेची. गळतीला मात्र या तिन्हीत काही फरक पडत नाही, कारण काऊलची, म्हणजे विंडशील्डसमोरच्या जाळीच्या पत्र्याची आणि त्याखालच्या पोकळीची, रचना सगळीकडे एकच.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढचं वाचा.

- पाऊस पडून गेल्यावर, किंवा गाडी धुतल्यावर, पुढच्या पायांच्या जागेतलं कार्पेट ओलं. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी.
- पावसात उभी असलेली गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर डॅशबोर्डखालून पायावर पाणी पडलं.
- बंद गाडीत काचा आतून धूसर होतात, आणि उन्हात उभी केली की वास वाढतो.
- पावसानंतर इंडिकेटर किंवा आतला दिवा मधूनच बंद पडतो. फ्यूजची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखाली आहे, म्हणजे वरून ठिबकणारं पाणी नेमकं तिच्या आसपास येतं.
- मागच्या सीटच्या पायथ्याशी ओल. गळती मागे आहे असं यावरून लगेच ठरवू नका. घरासमोरचा ड्राइव्हवे चढाचा असेल आणि गाडीचं नाक वर असेल तर पुढे पडलेलं पाणी नमद्यातून मागे सरकतं.

ही तपासणी १९६७-६८ च्या मस्टँगलाही बरीचशी लागू पडते.

सुरुवात: तो द्रव पाणीच आहे का?

याला एक पांढरा कागदी टॉवेल लागतो. कार्पेट उचला, ओल्या जागी टॉवेल दाबा, उजेडात बघा, बोटांनी चोळा, वास घ्या.

स्वच्छ किंवा मातकट पाणी असेल तर ते बाहेरून येतंय. हिरवट, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे. म्हणजे हीटर कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर) फुटला आहे आणि पावसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओल पॅसेंजरच्या बाजूला असेल आणि हीटर लावल्यावर विंडशील्डवर चिकट थर येत असेल तर खात्रीच समजा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल कुत्र्या-मांजरांना विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, तेव्हा असे टॉवेल उघड्या डब्यात टाकू नका.

तिसरी शक्यता फार कमी लोक तपासतात, आणि जिवाला धोका तिच्यातच आहे. ड्रायव्हरच्या बाजूला ब्रेक पेडलच्या वर, फायरवॉलवरून (इंजिन आणि आतली जागा यांच्यामधला पत्रा) खाली तेलकट ओघळ आला असेल आणि त्या वाटेवरचा रंग फुगून सुटला असेल, तर तो ब्रेक फ्लुइड आहे. पेडल दाबल्यावर ब्रेकला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरची मागची सील गेली की फ्लुइड पेडलच्या दांडीवरून आत उतरतं. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर होता, दोन कप्प्यांचा १९६७ पासून आला. एक कप्पा म्हणजे तो रिकामा झाला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अशी गाडी चालवत मेकॅनिककडे नेऊ नका, टो करून न्या. इथे थांबायचं म्हणजे थांबायचं.

डॅशखाली लटकवलेला एसी असेल आणि ओल फक्त एसी लावल्यावर, मधल्या बोगद्याच्या (दोन्ही सीटांमधला फरशीचा उंचवटा) आसपास येत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबलेली किंवा निसटलेली असणार. हलकी फुंकर मारून साफ करा. गॅसच्या पाइपांना हात लावू नका. अमेरिकेत पैसे घेऊन गाडीच्या एसीच्या गॅसचं काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं, आणि गॅस हवेत सोडणं बेकायदा आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पाणी बाहेरचं आहे हे नक्की झालं की गाडीखाली वाकून बघा. पुढच्या सीटचे नट खालून लागतात आणि त्यांच्या भोकांवर मोठे रबरी प्लग असतात. कोणीतरी कधीतरी सीट काढलेली असते आणि प्लग परत बसवलेले नसतात. ओल्या रस्त्यावर चाकांनी उडवलेलं पाणी त्या भोकांतून थेट सीटखाली येतं. गाडी उभी असताना कोरडी आणि पावसात चालवल्यावर ओली, असं असेल तर पहिला संशय या प्लगांवर घ्या. प्लग काही डॉलरमध्ये मिळतात.

मग दरवाजे. दरवाजाच्या काचेवरून पाणी दरवाजाच्या पोटात जाणारच, रचनाच तशी आहे. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं पानं, माती आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांनी बुजतात. लाकडी काडीने मोकळी करा, लोखंडी तारेने रंग खरवडला जातो. डोअर पॅनलच्या मागे डांबरी कागदाचा पडदा असतो, तो पॅनलवर येणारं पाणी अडवतो. पॅनल बदलताना तो फाडून फेकून देणारे खूप आहेत. मग नव्या पॅनलचा पुठ्ठा तळाशी फुगतो आणि पाणी दरवाजाच्या उंबऱ्यावरच्या पट्टीवरून कार्पेटवर येतं. जाड प्लॅस्टिक कापून पडदा घरी करता येतो. त्याची खालची कड दरवाजाच्या आतल्या फटीत खोचायची, बाहेर लोंबत ठेवायची नाही. पडद्याचं काम तिथेच होतं.

दरवाजाच्या रबरासाठी रबराला खडूची पूड लावा, दार लावा, उघडा. चौकटीवर पूड सलग उमटायला हवी. जिथे तुटली तिथे रबर दबत नाही. रबर बदलण्याआधी दाराच्या बिजागऱ्या पाहा. साठ वर्षांच्या गाडीचं जड दार मागच्या टोकाला खाली झुकलेलं असतं, आणि मग नवं रबरही बसत नाही.

होज पाइपची चाचणी

गळती खरी इथे सापडते, त्यामुळे घाई करू नका. दोन माणसं लागतात, एक बाहेर, एक आत.

आधी बॅटरी सोडा. दरवाजाच्या पट्ट्यांचे स्क्रू काढा, पायाजवळचे बाजूचे किक पॅनल काढा आणि कार्पेट नमद्यासकट मागे गुंडाळा. खालचा पत्रा कोरडा पुसून त्यावर खडूची पूड भुरभुरवा. पाण्याचा एक थेंब पडला तरी पुढे ओघळ दिसतो आणि कुठून सुरू झाला तेही कळतं. आतल्या माणसाने टॉर्च घेऊन डॅशखाली डोकं घालून उताणं पडायचं.

होजचं नोझल काढून टाका. दाबाने फवारा मारला तर पाणी जिथे एरवी कधी जात नाही तिथेही जातं, आणि मग आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी होतं. बारीक धार, आणि खालून वर. आधी दरवाजाचा खालचा भाग, मग दरवाजाची मागची आणि पुढची कड. मग फायरवॉल: स्पीडोमीटरची केबल, वायरिंगचा जुडगा, हीटरचे पाइप जिथून आत येतात तिथली रबरं. त्यानंतर विंडशील्डसमोरची काऊलची जाळी, एकदा डावी, एकदा उजवी. विंडशील्डची कड शेवटी. प्रत्येक जागी पाच मिनिटं द्या, कारण पाण्याला आत वाट काढायला वेळ लागतो. विंडशील्डवर आधी पाणी सोडलंत तर ते ओघळून काऊलमध्येच जाणार आणि दोन्हीतलं गळतंय कुठलं हे कळणार नाही.

फायरवॉलची वाळलेली रबरं स्वस्त आहेत, बदला. वायपरच्या खुंट्यांखालची गास्केट वाळून तडकते, तीही तशीच. विंडशील्डच्या रबरातून पाणी येत असेल तर पातळ, आपोआप झिरपणारं सिलिकॉन काच आणि रबर यांच्या फटीत सोडता येतं. पुढे गाडी रंगवायची असेल तर हा उपाय करू नका. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही. शिवाय ही तात्पुरती सोय आहे. काच काढून रबर बदलणं हेच खरं काम, आणि जुनी काच काढताना ती तडकते म्हणून ते मी काचवाल्याकडेच देतो.

काऊल

आता मूळ दुखण्याकडे. वरच्या सगळ्या तपासण्या करा, पण मनाची तयारी काऊलची ठेवा.

विंडशील्डसमोर जाळी असलेला जो पत्रा दिसतो त्याच्याखाली आणखी एक पत्रा आहे. दोन्ही कडांनी वेल्ड केलेले, मधे पोकळी. जाळीतून हवा आत येते आणि पाऊसही येतो. पाण्याने दोन्ही टोकांना जाऊन पुढच्या फेंडरच्या मागे खाली उतरावं, अशी योजना. हवा मात्र गाडीत जायला हवी, म्हणून खालच्या पत्र्याला दोन मोठी भोकं आहेत. ड्रायव्हरच्या बाजूच्या भोकाखाली हवेची झडप, पॅसेंजरच्या बाजूच्या भोकाखाली हीटर. पाणी या भोकांत उतरू नये म्हणून त्यांच्याभोवती विहिरीच्या कठड्यासारखा पत्र्याचा उभा काठ आहे.

गंजतो तो हा कठडा, तोही पायथ्याशी. जाळीतून पडलेली पानं, पाइनच्या सुया आणि धूळ कठड्याभोवती साचतात, कुजतात आणि महिनोन् महिने ओली राहतात. पोकळी बंद असल्याने आतून साफ करता येत नाही आणि आतल्या बाजूला रंग नावालाच असतो. कठड्याच्या पायथ्याला भोक पडलं की पाणी टोकांपर्यंत जायची तसदी घेत नाही, सरळ पायावर येतं. पहिल्या वळणावर पाणी पडतं तेही म्हणूनच: साचलेलं पाणी वळताना हलतं आणि भोकापर्यंत पोचतं.

सगळ्यात सोपी तपासणी अशी. जाळीत बारीक धार सोडा आणि पुढच्या चाकांच्या मागे बघा. दोन्ही बाजूंनी खाली पाणी पडायला हवं. एका बाजूने येत नसेल तर तिथली वाट तुंबली आहे. व्हॅक्युमने जाळीतून जमेल तेवढा कचरा ओढा, फेंडरच्या मागच्या फटीतला चिखल खालून काढा, पुन्हा धार सोडा. काही गाड्यांत एवढ्यावरच गळती थांबते, कारण पाणी तुंबून कठड्याच्या वर चढत असतं.

थांबली नाही तर मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा घ्या. साधा स्वस्तातला चालतो. ड्रायव्हरच्या बाजूची हवेची झडप स्क्रू काढून खाली उतरवा आणि भोकातून कॅमेरा वर घाला. जाड हातमोजा घालून बोटं काठावरून पलीकडे नेली तरी कळतं. चांगल्या कठड्याचा पायथा गुळगुळीत लागतो. गंजलेल्याचा पत्रा बोटाखाली बिस्किटाच्या चुऱ्यासारखा नुसता सुटत नाही तर त्याच्या कडा पात्याइतक्या धारदार असतात, म्हणून मोजा विसरू नका. पॅसेंजरच्या बाजूला हे बघण्यासाठी हीटरचा डबा काढावा लागतो. त्याचे नट इंजिनच्या बाजूने असतात, कूलंट आधी काढावं लागतं, ग्लोव्ह बॉक्सचा पुठ्ठाही काढावा लागतो. अर्धा दिवस जातो. पण डबा बाहेर आलाच आहे तर हीटर कोअर, त्याचे पाइप आणि डब्याच्या तोंडाचं फोम एकदमच बदला. ही जागा परत उघडायची वेळ कोणावर येऊ नये.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. भोकं फक्त कठड्याच्या पायथ्याशी असतील आणि आजूबाजूचा पत्रा ठणठणीत असेल, तर भोकातून वर बसवायचे तयार प्लॅस्टिकचे काठ मिळतात. सैल गंज काढा, गंज थांबवणारं रसायन लावा, वाळू द्या, मग काठाला युरेथेन सीलंट भरपूर लावून तो वर दाबून बसवा. पूर्ण एक दिवस हात लावू नका. मग पुन्हा होज. असं केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, विशेषतः ज्या गॅरेजमध्ये राहतात आणि पावसात फारशा बाहेर पडत नाहीत.

जाळीतून छताचं डांबर किंवा फायबरग्लासचं रेझिन ओतायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. कृपा करून ऐकू नका. ते निचऱ्याची वाट बुजवतं, खाली ओल कोंडून ठेवते आणि पुढे वेल्डिंग करणाऱ्याला ते सगळं जाळून, खरवडून काढावं लागतं. एक चांगली गाडी त्यात वाया जाते.

इथे थांबा, माणूस बोलवा

काऊलचे सांधे, कोपरे किंवा विंडशील्डखालची कड गंजलेली असेल तर प्लॅस्टिकचा काठ काही करू शकत नाही. वरचा-खालचा पत्रा बदलावा लागतो. त्यासाठी बॉनेट, फेंडर, विंडशील्ड, वायपर, डॅशखालचं वायरिंग सगळं निघतं, डझनावारी स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडावे लागतात आणि नवा पत्रा चुकला तर ना काच बसते, ना बॉनेटच्या फटी जुळतात. घरी वेल्डिंग नीट येत असेल तरी पहिलं काम म्हणून हे घेऊ नका. खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. बॉडी शॉपला एकच विचारा: मस्टँगचा काऊल याआधी बदलला आहे का, आणि त्या कामाचे फोटो दाखवता का? नसेल तर दुसरं शॉप.

फरशीच्या पत्र्याचंही तसंच. कार्पेट बाजूला असतानाच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द. शंका आली तिथे टोक दाबा. पायांच्या जागेत लहान भोकं असतील तर तो तुकडा कापून नवा वेल्ड करणं शिकण्यासारखं आहे, तयार पत्रे मिळतात. पण गंज सीटबेल्टच्या बोल्टजवळ, सीटखालच्या चौथऱ्यात, दरवाजाखालच्या पेटीत किंवा पुढच्या आडव्या पेट्यांत शिरला असेल तर गाडीच्या सांगाड्याचा प्रश्न आहे, तिथे अनुभवी माणूसच हवा. कन्व्हर्टिबलला छपराचा आधार नसतो, सगळा भार फरशी आणि कडेच्या पेट्यांवर. दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या लावून बॉडी जखडल्याशिवाय तिची फरशी कापली तर बॉडी वाकते आणि दारं परत लागत नाहीत.

जुना रंग घासताना चांगला मास्क लावा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

मग कार्पेट

गळती थांबली, पत्रा दुरुस्त झाला, तरी लगेच कार्पेट टाकू नका. जुना नमदा वाळवून परत वापरायचा मोह टाळा. त्यातली बुरशी जात नाही. पत्रा उघडा ठेवून पंखा लावा. कोरडा वाटला की प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर सांध्यांत अजून ओल आहे. कोरडा निघाला की इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर, मग आवाज कमी करणारे ब्युटाइलचे पत्रे.

साच्यातलं नवं कार्पेट डब्यातून दुमडलेलं येतं. उन्हात तासभर पसरून ठेवलं की सैल होतं आणि बोगद्यावर नीट बसतं. सीटच्या बोल्टसाठी भोकं पाडताना ड्रिल वापरू नका. धागा ड्रिलला गुंडाळला जातो आणि एका क्षणात लांबलचक रेघ उसवते. खालून दाभणाने भोक पाडा, मग गरम सोल्डरिंग आयर्नने वरून मोठं करा, कडा वितळून बंद होतात.

आणि किक पॅनल सगळ्यात शेवटी बसवा. एक-दोन जोरदार पाऊस होऊन जाऊ द्या, प्रत्येक पावसानंतर कार्पेटची पुढची कड उचलून खाली कोरडा टॉवेल दाबा. दर वेळी तो कोरडाच निघाला की पॅनलचे स्क्रू आवळा.